कोणता निरोप कोणत्या खेपेचा? बीपेलमधलं कोरिलेशन, अगदी पहिल्यापासून

दसरा-दिवाळी उलटली की खान्देशातल्या कुठल्याही जिनिंगच्या फाटकाबाहेर जरा वेळ उभं राहून बघा. ट्रॅक्टर, आयशर, छोटा हत्ती यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली असते. गाडी आत येते, भरलेली काट्यावर चढते. ग्रेडर मूठभर कापूस काढून ओलावा आणि धागा बघतो, भाव ठरतो, माल खाली होतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक हा शेतकऱ्याचा माल. काट्यावरचा माणूस दुपारी चारला घेतलेलं रिकामं वजन सकाळी अकराच्या नेमक्या त्याच भरलेल्या वजनासमोर लिहितो. मधल्या वेळात चाळीस गाड्या येऊन गेलेल्या असतात, पण त्याची पावती चुकत नाही.

सर्व्हिस ऑर्केस्ट्रेशनच्या, म्हणजे अनेक वेब सर्व्हिसेसना ठरलेल्या क्रमाने कामाला लावणाऱ्या, भाषांमध्ये या कामाला कोरिलेशन म्हणतात: आलेला निरोप चालू असलेल्या शेकडो कामांपैकी कोणत्या कामाचा आहे हे ठरवणं. जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरच्या कॉलेजांतून नुकतीच बाहेर पडलेली आणि पहिल्याच नोकरीत इंटिग्रेशनच्या टीममध्ये गेलेली मुलंमुली इथे हमखास अडकतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वेब सर्व्हिस म्हणजे काय आणि एक्सएमएल कसं दिसतं एवढं माहीत असेल तर पुढचं सगळं समजेल.

भाषेची ओळख थोडक्यात. बीपेल म्हणजे बिझनेस प्रोसेस एक्झिक्युशन लँग्वेज, अशाच ऑर्केस्ट्रेशनची एक्सएमएलमध्ये लिहायची भाषा. आयबीएमची डब्ल्यूएसएफएल आणि मायक्रोसॉफ्टची एक्सलँग या दोन भाषा एकत्र करून २००२ साली बीपेलची पहिली आवृत्ती आली. तिच्यामागे बीईए ही कंपनीही होती. २००३ मध्ये १.१ आवृत्ती आली आणि एप्रिल २००७ मध्ये ओअॅसिस या संस्थेने २.० आवृत्ती मानक म्हणून मंजूर केली. आज नवीन कामं बहुतेक बीपीएमएन या आकृत्यांच्या भाषेवर होतात, पण ओरॅकलच्या सोआ सूटसारख्या ठिकाणी बीपेल अजून रोज चालते. शिवाय कोरिलेशनची कल्पना बीपेलमध्ये जितकी उघडपणे मांडलेली आहे तितकी दुसरीकडे सापडत नाही. म्हणून शिकायची तर इथूनच शिकावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दोन शब्द पक्के करून घ्या. प्रोसेस म्हणजे कामाचा आराखडा: गाडी आली की काय काय करायचं. इन्स्टन्स म्हणजे त्या आराखड्याप्रमाणे प्रत्यक्ष चालू असलेलं एक काम. आपल्या भाषेत सांगायचं तर एक खेप. आराखडा एकच, खेपा हजार. या सगळ्या खेपांचे निरोप मात्र सर्व्हिसच्या एकाच पत्त्यावर येतात आणि समोरच्याला, म्हणजे काट्याच्या संगणकाला किंवा बँकेला, आपल्या इंजिनने, म्हणजे प्रोसेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, खेपेला आतून कोणता क्रमांक दिलाय हे ठाऊक नसतं. ते ठाऊक असूही नये. उद्या इंजिन बदललं तर बँकेने का बदलावं? म्हणून बीपेलने ठरवलं की खेप ओळखायची ती निरोपाच्या आत असलेल्या व्यवहारातल्याच माहितीवरून.

पायरी १: निरोप कागदावर मांडा

संगणक उघडू नका. वही घ्या आणि एका खेपेत येणारे-जाणारे सगळे निरोप क्रमाने लिहा. आपल्या जिनिंगचं उदाहरण असं: फाटकावरची नोंद येते आणि तिला उत्तर म्हणून पास जातो. मग भरलेल्या गाडीचं वजन येतं. ग्रेडरचा अहवाल येतो. रिकाम्या गाडीचं वजन येतं. बँकेला पैसे पाठवायची विनंती जाते, बँक लगेच ‘मिळाली’ म्हणून पोच देते आणि पैसे खरोखर जमा झाले की तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी वेगळा निरोप पाठवते.

आता प्रत्येक निरोपासमोर त्यात कोणकोणते रकाने असतात ते लिहा. गाडी नंबर, शेतकऱ्याचा मोबाइल, गाव, पास क्रमांक, बँकेचा संदर्भ क्रमांक. हे लिहिताना एखादा निरोप असा निघेल की त्यात ओळख पटवणारं काहीच नाही. ग्रेडरच्या अहवालात फक्त ओलावा, धाग्याची लांबी आणि भाव असेल, तर तो अहवाल कोणत्याही कोरिलेशनने जागेवर बसणार नाही. ग्रेडरच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा लागेल. हे आत्ता कळलं तर एका फोनचं काम आहे. सगळं बांधून झाल्यावर कळलं तर महिन्याचं.

पायरी २: ओळख निवडा

इथे घाई करू नका. बाकीच्या सगळ्या पायऱ्या मिळून जेवढा विचार लागतो त्याहून जास्त या एका पायरीला लागतो.

मी पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा ओळख म्हणून गाडी नंबर घेतला. सगळ्या निरोपांत तो होता, काट्यावरच्या माणसाला तो समोर दिसत होता आणि दोन गाड्यांचा नंबर सारखा नसतो. चाचणीत सगळं बरोबर चाललं. हंगाम सुरू झाल्यावर एका संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या नावावर भलतीच रक्कम जमा झाल्याची नोंद दिसली. मी काट्यावर जाऊन विचारलं तर तिथले दादा म्हणाले, “भाऊ, हाई ट्रॅक्टर सकायले बी येल व्हतं.” ट्रॅक्टर भाड्याचा होता. सकाळी एका शेतकऱ्याचा माल घेऊन आला, दुपारी त्याच गावच्या दुसऱ्याचा. सकाळची खेप अजून बँकेच्या निरोपाची वाट बघत उघडी होती, तेवढ्यात तोच नंबर घेऊन दुसरी खेप सुरू झाली आणि दुपारच्या मालाच्या पैशांचा बँकेचा निरोप सकाळच्या खेपेला जाऊन चिकटला. दोन घरांच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशोब मी निवडलेल्या एका रकान्यामुळे उलटसुलट झाला होता. तो हाताने दुरुस्त केला, पण ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

त्यातून जे समजलं ते असं: गाडी नंबर गाडीची ओळख आहे, मोबाइल नंबर माणसाची. आपल्याला हवी आहे खेपेची ओळख. गाडीही पुन्हा येते आणि माणूसही पुन्हा येतो. म्हणून निवडलेल्या रकान्याला एक प्रश्न विचारा: पहिली खेप पूर्ण होण्याआधी हीच किंमत घेऊन दुसरी खेप सुरू होऊ शकते का? उत्तर ‘क्वचित’ असं आलं तरी तो रकाना सोडून द्या.

आमच्याकडे उत्तर फाटकावरच्या पासमध्ये सापडलं. पास प्रत्येक खेपेला नवा निघतो आणि गाडी बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हरच्या खिशात असतो. पण पासमध्येही खोच होती. पासचं पुस्तक दर हंगामाला १ पासून सुरू व्हायचं आणि मालकाची दोन केंद्रं होती, दोन्हीकडे आपापलं पुस्तक. म्हणून ओळख तीन तुकड्यांची केली: केंद्राचा कोड, हंगाम आणि पास क्रमांक. बीपेलला हे चालतं. एका कोरिलेशन सेटमध्ये, म्हणजे एका ओळखीत, कितीही प्रॉपर्टी, म्हणजे ओळखीचे तुकडे, घेता येतात आणि सगळ्या जुळल्या तरच निरोप जुळला असं धरलं जातं.

पायरी ३: प्रॉपर्टी आणि एलियस

ओळख ठरली की ती इंजिनला समजेल अशी लिहायची. प्रॉपर्टी म्हणजे ओळखीच्या तुकड्याचं नाव आणि प्रकार: ‘पास क्रमांक’, प्रकार स्ट्रिंग. प्रकार साधाच लागतो, आत रचना असलेला चालत नाही.

काट्याच्या निरोपात हा क्रमांक एका जागी असतो, ग्रेडरच्या निरोपात दुसऱ्या जागी आणि दुसऱ्याच नावाने. म्हणून प्रत्येक प्रकारच्या निरोपासाठी एक प्रॉपर्टी एलियस लिहायचा: या निरोपात पास क्रमांक अमुक भागात, अमुक एक्सपाथने (एक्सएमएलमधली जागा सांगणाऱ्या पत्त्याने) सापडेल. प्रॉपर्टी आणि एलियस दोन्ही डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन असलेल्या, फाइलमध्ये जातात, प्रोसेसच्या फाइलमध्ये नाही. नवीन माणूस ते चुकीच्या फाइलमध्ये शोधत बसतो.

आपल्याकडचा एक धोका इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. ऑपरेटरचा कीबोर्ड मराठीवर राहिला तर पास क्रमांक देवनागरी आकड्यांत टाइप होतो. वाचणाऱ्या माणसाला तो क्रमांक तोच, पण स्ट्रिंगची तुलना करणाऱ्या इंजिनला इंग्रजी आकड्यांतला आणि देवनागरी आकड्यांतला क्रमांक पूर्ण वेगळे. सुरुवातीची शून्यं आणि शेवटची मोकळी जागा यांचंही तसंच. गाडी नंबरमध्ये तर हा गोंधळ रोजचा: एमएच १९ जोडून, तोडून, मध्ये रेघ देऊन, कसाही लिहिलेला मिळतो. इंजिन जुळवणी करतं ते निरोप जसा आला तसाच वाचून, तुमच्या प्रोसेसमधली साफसफाई त्यानंतर चालते. म्हणून किमती एकसारख्या करायच्या त्या निरोप इंजिनपर्यंत येण्याआधी. त्याहून चांगलं म्हणजे क्रमांक टाइपच करू न देणं. पासवर बारकोड छापा आणि काट्यावर स्कॅनर द्या.

पायरी ४: सेट कुठे सुरू करायचा

कोरिलेशन सेट जाहीर केल्यावर तो रिकामा असतो. खेपेत एका ठिकाणी त्यात किंमत भरली जाते आणि एकदा भरली की ती बदलत नाही. किंमत कुठे भरायची हे ‘इनिशिएट’ या गुणाने सांगतात. त्याला तीन किमती आहेत: येस, नो आणि जॉइन. काहीच लिहिलं नाही तर नो.

आपल्या उदाहरणात फाटकाची नोंद घेणारी रिसीव्ह, म्हणजे निरोप घेणारी क्रिया, ही सुरुवात. तिच्यावर ‘क्रिएट इन्स्टन्स’ येस, म्हणजे ही आली की नवी खेप जन्माला घाल. पण त्या निरोपात पास क्रमांक नाही, पास आपणच देणार आहोत. मग सेट भरायचा कुठे? उत्तरात. रिप्लायवरसुद्धा कोरिलेशन लावता येतं. पास क्रमांक उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि रिप्लायवर इनिशिएट येस लिहा. बाहेर जाणाऱ्या निरोपावर सेट भरता येतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मग ते पहिल्या निरोपात जे काही सापडेल तेच ओळख म्हणून वापरतात. मीही तेच केलं होतं.

पुढे भरलेलं वजन, ग्रेडर आणि रिकामं वजन या तिन्ही रिसीव्हवर तोच सेट लावायचा, इनिशिएट नो. आता काट्याचा निरोप आला की इंजिन एलियसवरून किमती काढतं आणि त्या किमतींची जी खेप त्या ऑपरेशनवर वाट बघत असेल तिला तो देतं.

येस दोनदा लिहिलं, म्हणजे भरलेला सेट पुन्हा भरायला गेलात, तर ‘कोरिलेशन व्हायोलेशन’ नावाचा फॉल्ट येतो. सेट भरण्याआधीच नो म्हणून वापरलात तरी तोच. तिसरा प्रसंग उपयोगाचा आहे: बाहेर जाणाऱ्या निरोपावर सेट लावला आणि त्यातली किंमत जुळली नाही, तरी हाच फॉल्ट. म्हणजे बँकेला जाणाऱ्या विनंतीत चुकून दुसऱ्या खेपेचा पास गेला तर पैसे निघण्याआधी इंजिन तुम्हाला अडवतं. मी तो प्रत्येक बाहेर जाणाऱ्या निरोपावर लावतो, गरज नसली तरी.

जॉइनचं काम वेगळं. समजा दलालाची सौदा चिठ्ठी आणि फाटकाची नोंद यांतलं कोणतंही आधी येऊ शकतं. दोन्ही रिसीव्ह एका फ्लोमध्ये समांतर ठेवायच्या, दोन्हींवर क्रिएट इन्स्टन्स येस आणि दोन्हींवर एकच सेट, इनिशिएट जॉइन. जो आधी येईल तो खेप सुरू करून सेट भरेल आणि दुसरा त्याला येऊन मिळेल. अट एवढीच की सौदा क्रमांक दोघांतही हवा.

पायरी ५: बँकेची गाठ

बँकेला आपला पास कळत नाही. ती पोच देताना स्वतःचा संदर्भ क्रमांक देते आणि नंतरच्या निरोपात फक्त तोच असतो. इथे दुसरा सेट लागतो. बँकेला हाक मारणाऱ्या इन्व्होकवर तो लावायचा, इनिशिएट येस, आणि सोबत ‘पॅटर्न’ हा गुण ‘रिस्पॉन्स’ ठेवायचा, म्हणजे किंमत विनंतीतून न घेता पोचेतून घे. जुन्या १.१ आवृत्तीत याच ठिकाणी ‘इन’ आणि ‘आउट’ असे शब्द होते. जुना कोड वाचताना गोंधळू नका. पैसे जमा झाल्याचा निरोप घेणाऱ्या रिसीव्हवर हाच दुसरा सेट, नो. खेप तीच, ओळखी दोन, आणि दोन्हींची गाठ इन्व्होकमध्ये बांधलेली.

यात एक फट राहते. पोच आपल्यापर्यंत यायच्या आधीच बँकेचा ‘पैसे जमा’ निरोप आला तर? सेट रिकामा आहे, जुळणार कशाशी? म्हणून शक्य असेल तिथे बँकेला विनंतीतच आपला क्रमांक द्या आणि तो परतीच्या निरोपात जसाच्या तसा मागा. मग पॅटर्न ‘रिक्वेस्ट’ होतो आणि विनंती बाहेर पडतानाच सेट भरलेला असतो. बँकेशी बोलणी चालू असताना या एका रकान्यासाठी हट्ट धरा. नंतर तो मिळत नाही.

सेट भरलेला असूनही निरोप लवकर येऊ शकतो: प्रोसेस अजून त्या रिसीव्हपर्यंत पोचलेलीच नाही आणि निरोप दारात. बीपेलच्या मानकाने ही शक्यता मान्य केली आहे, पण इंजिनने काय करावं हे त्याच्यावरच सोडलं आहे. काही इंजिनं निरोप थांबवून ठेवतात, काही परत पाठवतात. तुमचं इंजिन काय करतं ते त्याच्या कागदपत्रांत वाचा आणि स्वतः करून बघा.

ज्या चुका मी पुन्हा पुन्हा बघितल्या आहेत

मधल्या रिसीव्हवर क्रिएट इन्स्टन्स येस ठेवणं. मानकाला हे मान्य नाही, पण सगळी इंजिनं ते अडवत नाहीत. मग बँकेचा निरोप नेटवर्कमुळे दोनदा आला की पहिला खेप पूर्ण करतो. दुसऱ्याला जुळणारी खेप सापडत नाही, म्हणून इंजिन त्याच्यासाठी नवी, पोकळ खेप सुरू करतं. ती कधीच संपत नाही. हंगामाच्या शेवटी अशा खेपांचा ढीग साचतो.

दोन वजनं समांतर मागणं. भरलेलं आणि रिकामं वजन एकाच ऑपरेशनवर येत असेल आणि दोन्ही रिसीव्ह फ्लोमध्ये एकाच वेळी, एकाच सेटसह उभ्या असतील, तर ‘कॉन्फ्लिक्टिंग रिसीव्ह’ हा फॉल्ट येतो. बरोबरच आहे, आलेलं वजन कोणत्या रिसीव्हचं हे कोण सांगणार? सीक्वेन्समध्ये एकामागे एक ठेवा. ग्रेडरचं ऑपरेशन वेगळं असल्यामुळे त्याला समांतर ठेवायला हरकत नाही.

लूपमध्ये बाहेरचा सेट वापरणं. एका सौद्यात पाच ट्रॉल्या असतील आणि प्रत्येकीला वेगळा पास, तर दुसऱ्या फेरीत भरलेला सेट पुन्हा भरायला जाल आणि फॉल्ट खाल. सेट लूपच्या आतल्या स्कोपमध्ये जाहीर करा. प्रत्येक फेरीत नवा स्कोप, म्हणून नवा रिकामा सेट. सौद्याचा सेट बाहेर, ट्रॉलीचा आत.

बीपेल नसेल तर

तुमच्या कंपनीत कमुंडा हे बीपीएमएनचं इंजिन असेल तर शब्द बदलतील, विचार तोच राहील. कमुंडा ७ मध्ये निरोपाचं नाव आणि बिझनेस की (खेपेला आपण दिलेली ओळख) किंवा व्हेरिएबल देऊन जुळवणी होते. जुळणारी एकही खेप नसली किंवा एकाहून जास्त असल्या तर ते एरर देतं आणि निरोप साठवून ठेवत नाही. लवकर आलेला निरोप पुन्हा पाठवायची जबाबदारी तुमची. कमुंडा ८ मध्ये कोरिलेशन की असते आणि निरोपाला मुदत देता येते. तेवढा वेळ तो वाट बघतो. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: सुरुवातीच्या निरोपाला की दिली असेल आणि त्याच कीची खेप चालू असेल, तर ती संपेपर्यंत दुसरी खेप सुरूच होत नाही. माझा गाडी नंबर तिथे वापरला असता तर दुपारचा ट्रॅक्टर फाटकावरच अडला असता.

पायरी ६: चाचणी

एक खेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून ‘झालं’ म्हणू नका. एकच खेप चालू असताना ओळख चुकीची निवडलेली असली तरी निरोप बरोबर जागी जातो, दुसरी जागाच नसते. किमान तीन खेपा एकत्र उघड्या ठेवा. त्यांतल्या दोन एकाच गाडी नंबरच्या आणि दोन एकाच शेतकऱ्याच्या असू द्या. प्रत्येक खेपेला वेगळी, डोळ्यांनी ओळखता येईल अशी वजनं द्या. मग निरोप उलट्या क्रमाने पाठवा: तिसऱ्याचं रिकामं वजन आधी, पहिल्याचं शेवटी. बँकेचा एक निरोप दोनदा पाठवा. एक निरोप अस्तित्वात नसलेल्या पासचा पाठवा आणि तो कुठे जातो ते शोधा. एक पास क्रमांक मुद्दाम देवनागरी आकड्यांत टाका. अपेक्षित उत्तरं आधी वहीत लिहून ठेवा आणि मगच इंजिनचा हिशोब उघडा.

आणि चाचणी हंगामाआधी, पावसाळ्यातच उरका. पहिल्या वेचणीचा कापूस काट्यावर यायला लागल्यावर कोणालाच वेळ नसतो.